घरापुढील ओसरी : तिचें माप आणि तिची बांधणी

घर बांधावयास निघालेल्या एखाद्या गृहस्थाचा नकाशा पाहावयास घ्या. दिवाणखाना केवढा, स्वयंपाकघर केवढें, निजावयाच्या खोल्या किती, यांचा विचार त्यांत इंचाइंचानें केलेला आढळेल. आणि या सर्वांच्या पुढें एक अरुंद पट्टी उरलेली असेल, तिच्यावर ‘व्हरांडा’ अशीं अक्षरें लिहिलेलीं असतील. ती पट्टी चार फूट रुंद असते, क्वचित् साडेतीन. ती तेवढीच कां, असें विचारल्यास खरें उत्तर एकच मिळतें : बाकीच्या खोल्या काढून झाल्यावर तेवढी जागा शिल्लक राहिली. घराच्या इतर कोणत्याहि भागाचें माप अशा रीतीनें ठरत नाहीं. मोरीसुद्धां कोणी शिल्लक राहिलेल्या जागेंत बसवीत नाहीं.

माझ्या घराच्या बाबतींत हेंच घडलें. दिवाणखाना बारा फुटांचा पंधरा व्हावा म्हणून मीं ओसरीचे तीन फूट कापून घेतले आणि तिला चार फुटांवर आणून ठेविली. घर पुरें झालें, वास्तुशांत झाली, आणि पहिल्याच संध्याकाळीं वडील आपली आरामखुर्ची घेऊन बाहेर आले. ती कोठें मांडावी हें त्यांना कळेना. भिंतीला पाठ लावून मांडली तर पाय कठड्याला भिडत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ओलांडावे लागत. आडवी मांडली तर तोंड रस्त्याकडे न होतां शेजारच्या घराच्या भिंतीकडे होई. चार दिवस त्यांनीं दोनही प्रकार करून पाहिले. पुढें ते आंतच बसूं लागले. रस्त्यानें जातां जातां ‘काय, बरें आहे ना?’ म्हणून दोन पायऱ्या चढून घटकाभर टेकणारी त्यांची जुनी मंडळीहि हळूहळू यावयाची थांबली. दार लोटून दिवाणखान्यांत येऊन बसावें इतकें त्यांचें कांहीं काम नसे. मीं मिळविलेल्या त्या तीन फुटांची किंमत मला अशी कळली. म्हणून आजचें हें भाषण मीं उपदेशकाच्या भूमिकेवरून नव्हे, तर चुकलेल्याच्या भूमिकेवरून करीत आहें.

रेडिओवरून आकृति काढून दाखवितां येत नाहीं. तेव्हां श्रोत्यांनीं जवळ कागद-पेन्सिल असल्यास घ्यावी. नकाशे आतां मीटरमध्यें काढतात. पण आमचे गवंडी व सुतार घरगुती कामांत अजून फुटा-इंचांनींच बोलतात, म्हणून मीहि तेंच माप धरितों.

नांवांचा घोळ आधीं मिटविलेला बरा. कोंकणांत अंगणांतून चढलें कीं पडवी, तिच्या आंत ओटी, मग माजघर. देशावरील वाड्यांत चौकाभोवतीं सोपा किंवा ओसरी. गोव्याच्या जुन्या ख्रिस्ती घरांना पायऱ्यांच्या दोहों बाजूंस बांधीव बैठकी असलेला ‘बाल्कांव’ असतो, आणि तेथील संध्याकाळ बऱ्याच अंशीं त्यावरच जाते. ‘व्हरांडा’ हा शब्द इंग्रजांनीं याच देशांत उचलला आणि पुढें आपल्याच नकाशांवर तो परत आला. ‘पोर्च’ मात्र आपल्याकडे मोटार उभी करण्याच्या छपराला लागू झाला आहे. या दोन वस्तु निराळ्या आहेत. मोटारीचें छप्पर दहा फूट रुंद व सोळा-सतरा फूट लांब असलें म्हणजे झालें. पण घरापुढील सगळी जागा मोटारीला देऊन ‘संध्याकाळीं येथेंच खुर्च्या टाकूं’ असें जे म्हणतात, त्यांच्या खुर्च्या मीं तेथें टाकलेल्या फारशा पाहिल्या नाहींत. मी येथें बोलतों तें माणसांच्या ओसरीविषयीं.

आतां रुंदी. खुर्चीवर पाय थोडे पुढें सोडून मनुष्य बसला म्हणजे खुर्चीच्या पाठीपासून त्याच्या अंगठ्यापर्यंत सुमारें चार फूट जागा अडते. त्याच्या पुढून दुसऱ्याला अंग न चोरतां जातां यावें यासाठीं तीन फूट पाहिजेत. एकूण सात. हे सात फूट मोकळे पाहिजेत. म्हणजे भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून खांबाच्या आंतल्या कडेपर्यंत मोजलेले. नकाशांत पुष्कळदां भिंतीच्या मध्यापासून खांबाच्या मध्यापर्यंत माप मांडलेलें असतें. भिंत नऊ इंचांची व खांबहि नऊ इंचांचा धरला, तर कागदावरील सात फुटांची ओसरी प्रत्यक्षांत सव्वासहा फुटांची निघते. ते पाऊण फूट गवंड्यानें चोरलेले नसतात.

सात फुटांत आणखीहि बरेंच भागतें. सणावारीं पानें मांडावयाचीं झालीं तर पाटाला दोन फूट, पानाला दीड आणि वाढणाऱ्याला तीन, म्हणजे एक पंगत साडेसहा फुटांत बसते. समोरासमोर दोन पंगती हव्या असल्यास मात्र दहा फुटांना पर्याय नाहीं. उन्हाळ्यांत खाट टाकून निजावयाचें असेल तर ती भिंतीला लांबीच्या बाजूनें लागते, तीन फूट अडविते आणि वाट मोकळी राहते.

झोपाळ्याचा हिशेब निराळा आहे, आणि त्यांत पुष्कळ जण फसतात. झोपाळा आपल्या फळीच्या लांबीच्या दिशेनें हालत नाहीं, आडव्या दिशेनें हालतो. फळी दोन फूट रुंद, पुढें अडीच फूट व मागें अडीच फूट झोका, आणि भिंतीला व कठड्याला डोकें-गुडघे न लागावे म्हणून दोहों बाजूंस एकेक फूट, असे नऊ फूट होतात. सात फुटांच्या ओसरींत झोपाळा टांगावयाचाच असेल तर फळी भिंतीशीं काटकोनांत धरून तो ओसरीच्या लांबीच्या दिशेनें हालेल असा एका टोकाला टांगावा. कडी कोठें अडकवावयाची हें छप्पर होण्यापूर्वींच ठरवावें. चार माणसें बसलीं कीं वजन अडीचशें किलोच्या घरांत जातें. आणि झोका पंचेचाळीस अंशांपर्यंत चढला म्हणजे खालून जातांना कड्यांवर येणारा ताण स्थिर वजनाच्या दीडपटीहून अधिक, जवळजवळ चारशें किलोंचा होतो. मुलें झोका याहून उंच नेतात हें सांगणें नकोच. हा भार तुळईवर पडला पाहिजे. मागाहून स्लॅबला भोंक पाडून बसविलेल्या खिळ्यावर नव्हे.

हीं मापें माझ्या शब्दावर घेऊं नयेत. घराच्या गच्चीवर किंवा मोकळ्या अंगणांत खडूनें किंवा रांगोळीनें सात फुटांची पट्टी आंखावी, तींत आपल्या खऱ्या खुर्च्या मांडाव्या, घरांतील वृद्ध माणसांना त्यांवर बसवावें आणि हातांत चहाचें तबक घेऊन त्यांच्या पुढून एकदां जाऊन पाहावें. या प्रयोगाला अर्धा तास लागतो. मीं तो घर बांधल्यावर तीन वर्षांनीं केला.

रुंदी ठरली म्हणजे ओसरी ठरली असें मात्र नव्हे. ओसरीची खरी किल्ली तिच्या वळचणीच्या उंचींत आहे. छप्पर बाहेरच्या कडेला जमिनीपासून किती उंचीवर संपतें, यावर ऊन किती आंत येईल आणि पाऊस किती आंत येईल हें दोन्ही अवलंबून असतें. रुंदी आणि ही उंची यांचा विचार सुटासुटा करणें म्हणजे धोतराची लांबी न पाहतां पन्हा ठरविण्यासारखें आहे.

पुण्याचेंच उदाहरण घेऊं. पुणें साडेअठरा अक्षांशांवर आहे. तेथें डिसेंबराच्या २२ तारखेच्या सुमारास भर मध्याह्नीं सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून अवघा ४८ अंश वर असतो; मार्च व सप्टेंबर महिन्यांतील विषुवदिनीं तो साडेएकाहत्तर अंशांवर येतो; आणि १३ मेच्या सुमारास नेमका डोक्यावर. आतां ओसरी दक्षिणाभिमुख आहे, वळचणीची कड ओसरीच्या जमिनीपासून सात फूट उंच आहे आणि ती खांबांच्या दीड फूट बाहेर आली आहे, असें धरा. डिसेंबरांत मध्याह्नीचें ऊन वळचणीखालून सव्वासहा फूट आंत येईल. त्यांतले दीड फूट वळचणीचे वजा जातां ओसरींत पावणेपांच फूट उरतें. म्हणजे भिंतीला खुर्ची लावून बसलेल्याच्या पायांवर व पोटऱ्यांवर ऊन, आणि डोकें सावलींत. थंडीच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसाला याहून काय पाहिजे? मार्चांत तेंच ऊन ओसरींत फुटाच्या आंतच थांबतें आणि मेमध्यें पायरीबाहेर राहतें. कोणतीहि कळ न फिरवितां, कोणताहि पडदा न ओढतां छप्पर हें काम वर्षानुवर्षें आपणहून करितें.

पश्चिमेकडे ही युक्ति चालत नाहीं. एप्रिलच्या मध्यास पुण्यास सूर्याचे चार वाजले म्हणजे तो सरळ पश्चिमेस एकतीस अंशांवर असतो आणि सात फूट उंच वळचणीखालून साडेअकरा फूट आंत शिरतो. भिंत तर वळचणीच्या कडेपासून सव्वानऊ फुटांवरच आहे. सूर्याचे पांच वाजले म्हणजे हें अंतर बावीस फुटांवर जातें. पश्चिमेची ओसरी दहा फूट करा कीं बारा करा, संध्याकाळचें ऊन भिंतीवर चढणारच. तेथें वाळ्याचे किंवा बांबूच्या काड्यांचे पडदे, एखादी जाळी अगर समोर एक दाट झाड, एवढाच उपाय. (सूर्याचे चार म्हणजे आपल्या घड्याळांतले चार नव्हेत, पुण्यास तेव्हां घड्याळांत साडेचार वाजून गेलेले असतात. मुंबईस हें अंतर ३९ मिनिटांचें आहे. १९०६ सालीं देशभर एक वेळ ठरल्यावरहि मुंबईकरांनीं आपला ‘मुंबई टाइम’ कित्येक वर्षें सोडला नाहीं, तो कांहीं निव्वळ हट्ट नव्हता.)

पावसाचा हिशेब याहून सोपा आहे. पावसाचा मध्यम थेंब, दोन मिलिमीटर व्यासाचा, सेकंदाला सुमारें साडेसहा मीटर वेगानें खालीं येतो. वाराहि तितक्याच वेगाचा, म्हणजे ताशी तेवीसेक किलोमीटरांचा असला, तर पाऊस पंचेचाळीस अंशांनीं तिरपा पडतो, आणि वळचण जितकी उंच तितकाच आंत शिरतो. सात फूट उंच वळचणीखालून तो सात फूट आंत येईल. पैकीं साडेपांच फूट ओसरी भिजेल. म्हणूनच नैर्ऋत्येच्या वाऱ्याला तोंड देणाऱ्या कोंकणांतील जुन्या घरांची वळचण इतकी खालीं उतरलेली असते, कीं पाहुण्याला वांकूनच चढावें लागतें. आणि तेवढ्यानेंहि न भागल्यास पावसाळ्यापुरते नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधतात. सेवाग्राम येथील बापूकुटीचेंहि कौलारू छप्पर ओसरीवर असेंच खालीं आलेलें आहे. तेथें कारण पावसापेक्षां वऱ्हाडाकडील उन्हाचें अधिक. उलट आजकालच्या पुष्कळ बंगल्यांत दिवाणखान्याचाच काँक्रीटचा स्लॅब दहा फूट उंचीवर सरळ ओसरीवर काढलेला असतो. दिसावयास तें भव्य दिसतें, आणि पहिल्या वादळी पावसांत ओसरी भिंतीपर्यंत भिजते. असा स्लॅब असल्यास त्याच्या कडेला खालीं उतरणारी तुळई किंवा निदान कौलांचा एक छज्जा जोडून घ्यावा.

वळचण खालीं आणण्याला अर्थातच मर्यादा आहे, आणि घर आधीं बांधून ओसरी मागाहून जोडणारांना ती फार लवकर भेटते. मंगलोरी कौलांना दोन फुटांस एक फूट याहून चपटा उतार देऊं नये. जोराच्या पावसाच्या प्रदेशांत तो याहून उभाच पाहिजे. सात फूट मोकळी जागा, पाऊण फुटाचा खांब व दीड फूट वळचण मिळून सव्वानऊ फूट होतात; त्यांत छप्पर साडेचार फुटांहून अधिक खालीं येतें. भिंतीला तें दहा फुटांवर टेकविलें तर वळचणीची कड पांच फूट चार इंचांवर येईल. घरांतील प्रत्येक उंच माणसाच्या कपाळाला तिची ओळख होईल. कड सात फुटांवर हवी असल्यास छप्पर भिंतीला साडेअकरा फुटांच्याहि थोडें वर टेकलें पाहिजे. भिंत तेवढी उंच आहे काय? नसल्यास ओसरीचें जोतें घरापेक्षां एका पायरीनें खालीं घेतां येतें, किंवा रुंदी थोडी कमी करावी लागते. पण हा प्रश्न भिंती उभ्या राहण्यापूर्वीं विचारावयाचा आहे, नंतर नव्हे.

खोल ओसरी व खालीं आलेली वळचण यांचा एक दोष झांकून ठेवणें बरोबर नाहीं : आंतली खोली काळोखी होते. कोंकणी माजघरांत भरदुपारीं सुई ओवतां येत नाहीं, ती याचमुळें. छपरांत दोन-तीन काचेचीं कौलें घातलीं, भिंतीला पांढरा रंग दिला आणि आंतल्या खोलीला आणखी एका बाजूनें खिडकी ठेविली, तर हा दोष बराच कमी होतो. अगदीं जात नाहीं. ज्यांना त्या खोलींत दिवसभर वाचन-लेखन करावयाचें असेल त्यांनीं ओसरी घराच्या पूर्ण लांबीभर न घेतां अर्ध्या भागापुढेंच घ्यावी. अरुंद व लांब ओसरीपेक्षां आंखूड व रुंद ओसरी केव्हांहि चांगली.

आतां जमीन आणि पायऱ्या. ओसरीची जमीन आंतल्या खोलीपेक्षां इंच-दीड इंच खालीं असावी आणि तिला बाहेरच्या बाजूस फुटामागें दोन सूत, म्हणजे पाव इंच, उतार द्यावा. सात फुटांत तो पावणेदोन इंच होतो आणि खुर्चीला जाणवत नाहीं. फरशी गुळगुळीत नको. चकचकीत लाद्या दुकानांत सुंदर दिसतात. ओल्या पायांखालीं त्या वैरीण होतात. शहाबादी किंवा तासलेली खरबरीत फरशी यासाठीं उत्तम. जोतें अंगणापासून दीड फूट उंच असलें तर ओसरीची कडच बसावयाची जागा होते. अंगणांत पाय सोडून तेथें चार माणसें सहज टेकतात, आणि मुलांना कठडाहि लागत नाहीं. त्याहून बरेंच उंच असल्यास कठडा अवश्य करावा आणि त्यांतील गजांतून मुलाचें डोकें जाणार नाहीं इतके ते जवळ ठेवावे.

दीड फुटाला सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या होतात. प्रत्येकीवर पाऊल ठेवावयास बारा इंच जागा असावी. उंचीची दुप्पट अधिक पाऊल ठेवावयाची जागा यांची बेरीज चोवीस इंच आली म्हणजे पायरी पायाला सोसते, हा गवंड्यांचा जुना हिशेब अजूनहि खरा आहे. पण याहून महत्त्वाची गोष्ट ही, कीं सर्व पायऱ्या सारख्या उंचीच्या असाव्या. आमच्या पायऱ्या प्रथम सारख्याच होत्या. दोन वर्षांनीं मीं अंगणांत फरशी घालविली, अंगण तीन इंच वर आलें आणि खालची पायरी तीनच इंचांची राहिली. तें मीं पाहिलें होतें. तीन इंचांनीं काय होणार, असें वाटलें. एका संध्याकाळीं तुळशीपाशीं दिवा लावावयास उतरतांना आईच्या पायानें सहा इंचांचा अंदाज बांधला आणि तीन इंचांवरच जमीन लागली. ती पडली, आणि मांडीचें हाड खुब्यापाशीं मोडलें. त्यानंतर मीं पायऱ्या उखडून पंधरा इंचांचे तीन सारखे भाग केले. बाजूस एक उतरण बांधण्याचाहि विचार केला. चाकांच्या खुर्चीसाठीं उतरण एकास बारा या प्रमाणाची लागते; पंधरा इंचांना पंधरा फूट. आमच्या अंगणांत तेवढी सरळ जागा उरली नव्हती. नवें घर बांधणारानें ती प्रथमच राखून ठेवावी; पायऱ्या चढण्याचें वय सर्वांचेंच एक दिवस संपतें आणि तेव्हां अंगण मोठें करतां येत नाहीं.

पायाविषयीं थोडक्यांत सांगतों. ओसरी हलकी, म्हणून तिचे खांब वीतभर खोल खड्ड्यांत उभे करण्याची चाल आहे. जांभ्यावर किंवा मुरुमावर तें एखादे वेळीं निभतें. देशावरच्या काळ्या मातींत मात्र निभत नाहीं. ही माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आकसून भेगाळते, आणि खोल थर असेल तेथें हा फेरफार तीन-साडेतीन मीटरांपर्यंत पोंचतो. घराचा पाया खालच्या मुरुमापर्यंत नेलेला आणि ओसरीचा मात्र मातींतच. मग दर वर्षीं ओसरी वर-खालीं होते, घर होत नाहीं, आणि दोहोंच्या सांध्यावर भेग पडते. ओसरीचे खांबहि घराच्याच थरापर्यंत न्यावे. तें शक्य नसल्यास ओसरी व घर यांमध्यें मुद्दाम उभा सांधा सोडावा, म्हणजे भेग आपण सांगितलेल्या जागीं पडेल. लांकडी खांब असल्यास तो दगडी तळखड्यावर उभा करावा. जमिनींत पुरलेला खांब वाळवीचें अन्न होतो. दोन खांबांत आठ ते दहा फूट अंतर ठेवावें, आणि पायऱ्यांच्या मधोमध खांब येणार नाहीं एवढें पाहावें. हें सांगावयास नको असें वाटेल, पण अशीं घरें मीं पाहिलीं आहेत.

शहरांत आणखी एक पाहुणा असतो, तो म्हणजे नियम. महाराष्ट्रांत बृहन्मुंबईसारखीं कांहीं क्षेत्रें वगळून २०२० सालीं एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. घराभोवतीं सोडावयाच्या मोकळ्या जागेंत छप्पर किती पुढें काढतां येतें आणि ओसरीचें क्षेत्रफळ कशांत धरलें जातें, हें आपल्या नगरपालिकेंत नकाशा काढण्यापूर्वींच विचारून घ्यावें. मंजुरी मिळाल्यावर तिला कांचा लावून खोली करून टाकणारे पुष्कळ आहेत; त्यांना खोलीच हवी होती, आणि ती प्रथमच नीट बांधली असती तर अधिक चांगली झाली असती.

आमची ओसरी शेवटीं मीं पाडून नव्यानें बांधली. दिवाणखान्याचे तीन फूट परत दिले. त्यासाठीं पुढची भिंत मागें सरकवावी लागली आणि खर्च पहिल्या ओसरीच्या कितीतरी पट झाला. वडील त्यापूर्वींच गेले होते. आई काठी टेकीत बाहेर येऊन बसते, आणि सकाळच्या वेळीं तिच्याशीं दोन शब्द बोलावयाला कोणी ना कोणी पायरीवर टेकलेलें असतें.

त्या बांधकामांत एकच गोष्ट कोणत्याहि नकाशावर नव्हती, ती तिच्या सांगण्यावरून केली. पायऱ्यांच्या उजव्या हाताला पाय धुवावयाचा एक नळ, त्याखालीं दोन फूट औरसचौरस खरबरीत दगड, आणि त्याच्या बाजूला ओल्या छत्र्या अडकवावयास चार खुंट्या. नळाचें पाणी एका उघड्या पन्हाळीनें अंगणाच्या कडेला जातें; तेथें आम्हीं अळू आणि कर्दळ लाविली आहे.